घरच्या संगणकावर ईसीसी मेमरी: निवडणे, चालू करणे आणि ती खरोखर काम करते आहे याची खात्री करणे

इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात आजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद होते. चार वर्षांपूर्वी मी ते सगळे स्कॅन करून संगणकात घेतले आणि दोन बाहेरच्या डिस्कवर त्यांच्या प्रती ठेवल्या. गेल्या वर्षी त्यातले एक पान जाणकाराकडून वाचून घेण्यासाठी उघडले, तेव्हा वरचा तिसरा हिस्सा स्वच्छ होता आणि त्याखालचे रंग सरकून सगळी अक्षरे विस्कटलेली होती. दोन्ही डिस्कवरच्या प्रतींतही नेमक्या त्याच ओळीपासून तोच बिघाड होता. डिस्क निर्दोष होत्या. फाइल डिस्कवर लिहिली जाण्याआधीच, रॅममध्ये असताना, बिघडली होती. रात्रभर मेमरीची चाचणी चालवल्यावर एका पट्टीतल्या एकाच पत्त्यावर, तासा-दोन तासांनी एकदा, एक बिट चुकतो असे दिसले. मूळ कागद मधल्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ला होता.

बॅकअप अशा प्रसंगी वाचवत नाही, कारण तो चुकीची प्रत तितक्याच इमानाने जपतो. जेपीईजीसारख्या दाबून साठवलेल्या चित्रात एक बिट उलटला, तर त्या जागेपासून पुढचे चित्र बिघडते. हिशेबाच्या तक्त्यात तोच बिट एखादा आकडा बदलतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराला प्रत्यक्षापेक्षा ४०९६ मते जास्त मोजली गेली होती. कारण निर्विवादपणे सिद्ध झाले नाही, परंतु ४०९६ ही दोनाची बारावी घात आहे, आणि म्हणून मेमरीतला एक बिट उलटल्याचाच संशय सर्वांत बळकट ठरला.

ज्यांच्या संगणकात पुन्हा मिळणार नाही असे काही साठवलेले आहे, त्यांच्यासाठी ही माहिती लिहीत आहे. ईसीसी मेमरी, म्हणजे स्वतःतल्या चुका ओळखून दुरुस्त करता येणारी रॅम, बसवलेली असणे, ती चालू असणे आणि तिने पकडलेली चूक आपल्यापर्यंत पोहोचणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक जण पहिलीवरच थांबतात. मीही पहिले तीन आठवडे तिसरीपर्यंत पोहोचलो नव्हतो.

ताळा कोण पाहतो

शाळेत गुणाकार केल्यावर आपण ताळा पाहत असू. ईसीसीचे तत्त्व तेच आहे, फक्त इथला ताळा चूक झाली एवढेच सांगून थांबत नाही, ती कुठे झाली तेही सांगतो. नेहमीची मेमरी एका वेळी ६४ बिट ठेवते. ईसीसी मेमरी त्या प्रत्येक ६४ बिटांबरोबर ताळ्याचे आणखी ८ बिट ठेवते, म्हणजे एकूण ७२. वाचताना ताळा पुन्हा मांडला जातो. एक बिट चुकला असेल तर तो नेमका कोणता हे कळून जागीच दुरुस्त होतो. दोन चुकले असतील तर दुरुस्ती होत नाही, पण चूक झाल्याचे नक्की कळते. या पद्धतीचा पाया बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी घातला आणि १९५० साली ती प्रसिद्ध केली.

हे गणित रॅमची पट्टी करत नाही. पट्टीवरची जास्तीची चिप फक्त ताळ्याचे बिट ठेवायला जागा देते. ताळा मांडणे, जुळवणे आणि दुरुस्त करणे हे सगळे प्रोसेसरमधला मेमरी नियंत्रक करतो, आणि त्याच्यापर्यंत ते बिट नेणाऱ्या तारा मदरबोर्डवर आखलेल्या असाव्या लागतात. त्यामुळे प्रोसेसर, मदरबोर्ड, बायोस (संगणक सुरू होताना आधी चालणारी मदरबोर्डवरची प्रणाली) आणि रॅम या चौघांपैकी एकानेही साथ दिली नाही तर संगणक व्यवस्थित सुरू होतो, कोणतीही तक्रार करत नाही, आणि ताळ्याचे बिट नुसते पडून राहतात.

बिट मुळात उलटतात कशाने, याचे एक कारण १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या संशोधकांनी शोधले: चिपच्या आवरणातील युरेनियम आणि थोरियमचे अत्यल्प अंश अल्फा कण सोडत आणि त्या कणांमुळे चिपमध्ये साठवलेला विद्युतभार बदलत असे. आवरणे पुढे शुद्ध झाली, तरी विश्वकिरण उरले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे झिजत चाललेल्या चिप उरल्या. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये दुरुस्त झालेल्या चुका नोंदल्या गेल्या. त्या चुका सर्व पट्ट्यांमध्ये सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा पुन्हा चुकत होती. माझ्या पट्टीचेही तेच झाले होते.

खरेदी करताना

आपल्या इंदुरात सामान पाहायला आपण आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जातो. तिथे ईसीसी रॅम मागितली की बहुतेक दुकानदार ‘सर्वर वाली?’ असे विचारतात आणि सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड पट्टी, म्हणजे प्रोसेसरकडून येणारे संकेत मध्ये एका चिपमधून नेणारी, समोर ठेवतात. ती स्वस्त असते, तिच्यावर ईसीसी असतेही, पण घरगुती मदरबोर्डवर ती चालत नाही. डीडीआर-४ या पिढीच्या मेमरीत ती स्लॉटमध्ये बसते मात्र, म्हणून फसगत जास्त होते. आपल्याला हवी असते ती अशी मधली चिप नसलेली, म्हणजे अनबफर्ड ईसीसी, आणि ती बहुधा मागवूनच घ्यावी लागते.

ओळखायचे कसे, तर आधी चिप मोजाव्यात. डीडीआर-४ च्या साध्या पट्टीवर एका बाजूला आठ चिप असतात, ईसीसी पट्टीवर नऊ. मग लेबल वाचावे. ‘पीसी-४’ आणि वेगाचा आकडा यांच्यानंतर जी आडवी रेघ येते, तिच्या पुढचे रोमन अक्षर ‘ई’ असेल तर पट्टी अनबफर्ड ईसीसी, ‘आर’ असेल तर रजिस्टर्ड आणि ‘यू’ असेल तर साधी. त्यापुढच्या पिढीच्या, डीडीआर-५ च्या पट्टीत दोन स्वतंत्र उपमार्ग असतात आणि दोघांनाही आपापली ताळ्याची चिप लागते, त्यामुळे तिथे आठाऐवजी दहा चिप दिसतात.

डीडीआर-५ बद्दल एक गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर थांबायला हवे. प्रत्येक डीडीआर-५ चिपच्या आत स्वतःपुरती चूकदुरुस्ती असते, प्रत्येक १२८ बिटांना ८ बिट, आणि त्यावरून ‘डीडीआर-५ मध्ये ईसीसी असतेच’ असे सर्रास सांगितले जाते. ही आतली दुरुस्ती चिप दाटीने बनवता याव्यात म्हणून आलेली आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट बिघडला तर तिचा उपयोग नाही, आणि तिने काय दुरुस्त केले याची वार्ता घरगुती संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत येत नाही. आपल्याला लागणारी ईसीसी ती नव्हे.

प्रोसेसरचे म्हणाल, तर एएमडीच्या डेस्कटॉप रायझनमध्ये ही सोय साधारणपणे बंद केलेली नसते. एएम-४ या जुन्या सॉकेटच्या काळातले ‘जी’ अक्षर लागलेले, अंगभूत ग्राफिक्सचे प्रोसेसर मात्र अपवाद आहेत, त्यांत फक्त ‘प्रो’ नावाच्या आवृत्त्यांना ईसीसी चालते. इंटेलमध्ये बाराव्या पिढीपासून कोअर मालिकेतल्या अनेक प्रोसेसरना ईसीसी चालते, पण डब्ल्यू-६८० सारखा वर्कस्टेशनचा चिपसेट असलेला मदरबोर्ड घेतला तरच.

मदरबोर्डच्या माहितीपत्रकातले वाक्य शेवटपर्यंत वाचावे. काही पत्रकांत ‘ईसीसी मेमरीला पाठिंबा’ असे लिहून लगेच पुढे ‘नॉन-ईसीसी पद्धतीने चालेल’ असे असते. याचा अर्थ पट्टी चालेल आणि ताळा बंद राहील. याच एका वाक्याने मला एकदा मदरबोर्ड बदलायला लावला. शिवाय सर्व पट्ट्या ईसीसीच असाव्यात. एक साधी पट्टी मिसळली तर सगळ्यांचाच ताळा बंद होतो.

बायोसमधली मांडणी

आधी संगणक यूपीएसवर घ्यावा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बायोस अद्ययावत करताना ती गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, आणि डीडीआर-५ च्या संगणकांना नवी मेमरी बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना तिची जुळवणी करायला काही मिनिटे लागतात. त्या वेळी पडदा काळा असतो. घाबरून बटण दाबू नये, वाट पाहावी.

बायोस अद्ययावत झाल्यावर सर्व मांडणी मूळपदावर आणावी आणि एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे मेमरीचा वेग प्रमाणापेक्षा वाढवणाऱ्या तयार मांडण्या, बंद ठेवावे. ईसीसी पट्ट्या बहुधा प्रमाणित वेगाच्याच असतात, डीडीआर-४ मध्ये ३२०० पर्यंत आणि १.२ व्होल्टवर, त्यामुळे बंद ठेवल्याने काही गमावत नाही.

माझ्या एएम-४ मदरबोर्डवर वाट अशी आहे: सुरू होताना ‘डिलीट’ दाबून ‘ॲडव्हान्स्ड’, त्यात ‘एएमडी सीबीएस’, त्यात ‘यूएमसी कॉमन ऑप्शन्स’, मग ‘डीडीआर-४ कॉमन ऑप्शन्स’, मग ‘कॉमन आरएएस’, आणि तिथे ‘ईसीसी कॉन्फिगरेशन’मध्ये ‘डीरॅम ईसीसी एनेबल’. निर्मात्यागणिक आणि पिढीगणिक मधल्या एखाद्या पायरीचे नाव बदलते, पण ‘सीबीएस’ आणि ‘यूएमसी’ हे दोन टप्पे सापडले की पुढची वाट दिसते. मूळ निवड ‘ऑटो’ असते. ऑटोवरही ईसीसी चालू होणे अपेक्षित असते, तरी मी ती ‘एनेबल्ड’ करून ठेवतो, म्हणजे नंतर अंदाज करत बसावे लागत नाही. त्याच पानावरचा ‘सिंबल साइझ’ ऑटोवरच राहू द्यावा.

यानंतर स्क्रबिंग. मेमरीचे काही कोपरे दिवसेंदिवस वाचले जात नाहीत. तिथे आज एक बिट उलटला आणि महिन्याने त्याच ६४ बिटांत दुसरा उलटला, तर दुरुस्त होऊ शकली असती अशी चूक दुरुस्तीपलीकडे जाते. स्क्रबर सगळी मेमरी सावकाश वाचत जातो आणि एकेकट्या चुका वेळीच निस्तरतो. ‘डीरॅम स्क्रब टाइम’ असा पर्याय असेल तर तो २४ तासांवर ठेवावा. घरच्या वापराला तो पुरेसा आहे आणि वेगात फरक जाणवत नाही.

आता ज्या एका पर्यायाने माझे तीन आठवडे घेतले, तो. त्याचे नाव ‘प्लॅटफॉर्म फर्स्ट एरर हँडलिंग’. तो चालू असेल तर मेमरीची चूक आधी बायोसच्या हाती जाते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला तिचा पत्ताही न लागण्याची शक्यता असते. दुरुस्ती होत असते, पण आपल्याला शून्य दिसत राहते आणि आपण समाधानाने बसतो. सर्व्हरमध्ये बायोसची स्वतंत्र नोंदवही असते, म्हणून तिथे हा पर्याय उपयोगी आहे. घरी तो ‘डिसेबल्ड’ करावा. तो ईसीसीच्या पानावर नसून ‘सीबीएस’मध्येच दुसरीकडे असू शकतो, तेव्हा शोधावा लागेल.

पडताळणी

लिनक्सवर सुरुवात ‘डीएमआयडीकोड’ या आज्ञेने करावी. प्रकार १६ मागितल्यावर चूकदुरुस्तीच्या ओळीसमोर ‘नन’ नसून ‘मल्टी-बिट ईसीसी’ किंवा ‘सिंगल-बिट ईसीसी’ दिसावे. प्रकार १७ मध्ये प्रत्येक पट्टीची डेटाची रुंदी ६४ आणि एकूण रुंदी ७२ दिसावी; डीडीआर-५ मध्ये एकूण रुंदी ८० असू शकते. हे सगळे आकडे बायोसने भरलेल्या तक्त्यातले आहेत. त्यांवरून पट्टी ओळखली गेली एवढे कळते, ताळा पाहिला जातो आहे हे कळत नाही.

त्यापुढची साक्ष कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची. ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदीत ‘ईडॅक’ हा शब्द शोधावा; मेमरीच्या चुका टिपणाऱ्या कर्नलमधल्या भागाचे ते नाव आहे. एएमडीवर ‘एएमडी-६४ ईडॅक’ हा ड्रायव्हर ‘एमसी-०’ या नावाने नियंत्रक नोंदवतो. ईसीसी बायोसमध्ये बंद आहे असा संदेश दिसला, तर मागे जाऊन वरच्या पायऱ्या पुन्हा तपासाव्यात. प्रोसेसर अगदी नवा असेल तर जुन्या कर्नलला तो ओळखता येत नाही, अशा वेळी आधी कर्नल अद्ययावत करावी. ड्रायव्हर बसला की ‘सिस’ फोल्डरात, डिव्हायसेस, सिस्टिम, ईडॅक, एमसी, एमसी-० या वाटेने गेल्यास दोन लहान फायली मिळतात: ‘सीई काउंट’ म्हणजे दुरुस्त झालेल्या चुकांची संख्या आणि ‘यूई काउंट’ म्हणजे दुरुस्त न झालेल्यांची. निरोगी संगणकात दोन्हींत शून्य असते.

विंडोजवर पॉवरशेलमध्ये ‘गेट-सिमइन्स्टन्स’ या आज्ञेने ‘विन-३२ फिजिकल मेमरी ॲरे’ मागवावा. त्यातल्या ‘मेमरी एरर करेक्शन’समोर ३ असेल तर ईसीसी नाही, ५ असेल तर एका बिटाची दुरुस्ती, ६ असेल तर बहु-बिट. चुकांच्या नोंदी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया लॉगर’ या नावाखाली येतात.

पण शून्य हा आकडा दोन अर्थांचा आहे. चूक झालीच नाही तरी शून्य, आणि चूक होऊन नोंदली गेली नाही तरी शून्य. म्हणून एकदा तरी मुद्दाम चूक घडवून आणावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि ते काळजीपूर्वकच करायला हवे. सर्व डिस्कच्या तारा काढून ठेवाव्यात, म्हणजे बिघडलेला डेटा कुठे लिहिला जाण्याचा प्रश्न उरत नाही. संगणक पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करावा. व्होल्टेजला हात न लावता बायोसमध्ये मेमरीचा वेग एकेक पायरी वाढवावा आणि प्रत्येक पायरीवर ‘स्ट्रेस-ॲप-टेस्ट’ किंवा ‘मेमटेस्टर’ अर्धा-पाऊण तास चालवून ‘सीई काउंट’ पाहावा. माझ्या पट्ट्या ३२०० च्या. ३४६६ वर काही झाले नाही, ३६०० वर अर्ध्या तासात आकडा तीनवर गेला आणि चाचणीच्या कार्यक्रमाला मात्र एकही चूक दिसली नाही. दुरुस्ती आणि नोंद दोन्ही चालू आहेत याचा यापेक्षा चांगला पुरावा घरी मिळत नाही. याआधी ‘फर्स्ट एरर हँडलिंग’ चालू असताना याच वेगावर आकडा शून्यच राहिला होता.

संगणक एकदम अडकला किंवा सुरूच झाला नाही तर उडी मोठी झाली असे समजून मधला वेग घ्यावा; त्यातून ईसीसीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पट्टीच्या टोकांवर तार लावून बिट जोडण्याचे प्रयोग काही जण करतात, ते करू नयेत. चाचणी झाली की बायोस मूळपदावर आणून वरची मांडणी पुन्हा करावी आणि मगच डिस्क जोडाव्यात.

रोजच्या वापरात

लिनक्सवर ‘रास-डीमन’ बसवून तो संगणकाबरोबर सुरू होईल असे करावे. तो प्रत्येक चूक वेळेसकट नोंदवतो, त्यामुळे संगणक बंद केल्यावर ‘सीई काउंट’ शून्यावर आला तरी इतिहास राहतो. ‘रास-एमसी-कंट्रोल’ या आज्ञेला ‘एरर-काउंट’ जोडले की स्लॉटनिहाय आकडे मिळतात. वर्षभरात एखादी एकटी चूक दिसली तर तारीख टिपून ठेवावी, अधिक काही करू नये. त्याच स्लॉटमधून पुन्हा नोंद आली तर संगणक बंद करून पट्टी काढावी, संपर्काची टोके पुसून पुन्हा बसवावी, आणि तरीही आली तर ती पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहावी. चूक पट्टीबरोबर सरकली तर पट्टी बदलावी, स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड दाखवावा. वॉरंटीसाठी नोंदींची छापील प्रत बरोबर नेली की बोलणे सोपे होते.

दुरुस्त न होणारी चूक आली तर संगणक बहुधा मध्येच थांबतो किंवा तो कार्यक्रम बंद पाडतो. हातातले काम जाते आणि राग येतो, पण चुकीचा डेटा डिस्कवर जाण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा पेटीतली हवा त्याहून गरम असते. डीडीआर-४ ची चिप ८५ अंशांच्या वर गेली की तिचा विद्युतभार लवकर गळतो आणि तिला दुप्पट वेगाने ताजे करावे लागते. म्हणून पट्ट्यांवरून हवा खेळेल असा एक पंखा समोरच्या बाजूला असावा आणि जाळीवरची धूळ उन्हाळ्याआधी काढावी. अनेक ईसीसी पट्ट्यांवर तापमापक असतो. लिनक्समध्ये ‘जेसी-४२’ हा ड्रायव्हर, आणि डीडीआर-५ साठी ‘एसपीडी-५११८’, चढवला की ‘सेन्सर्स’ या आज्ञेत पट्टीचे तापमान दिसते. मी ते महिन्याच्या पहिल्या रविवारी चुकांच्या आकड्याशेजारी वहीत लिहितो.

बायोस अद्ययावत केल्यावर किंवा मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपल्यावर सगळी मांडणी मूळपदावर जाते, आणि ‘फर्स्ट एरर हँडलिंग’ गाजावाजा न करता पुन्हा चालू झालेले असू शकते. त्यासाठी ‘सीबीएस’मधल्या प्रत्येक बदललेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. माझे ते पाच फोटो छापून संगणकाच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेले आहेत.